परवानगीबाई

जळते मी तिच्यावर. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे तिच्याबद्दल तोंडून एखादा बरा शब्द निघाला, तर तो किती नाइलाजाने निघालाय ते ऐकणाऱ्याला कळेल.

आमच्या वृद्धाश्रमातली मी जुनी मावशी. म्हाताऱ्यांचं अंग पुसणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या, भरवणाऱ्या बायकांना इथे सगळे मावशीच म्हणतात, मग ती विशीतली असली तरी. माझा हात धरेल अशी एक नव्हती. सकाळचा चहा यायच्या आत माझ्या बाजूच्या सगळ्या खोल्या आटपलेल्या. अंग पुसून, पावडर लावून, केस विंचरून, चादरीला एक सुरकुती दिसायची नाही. एका हाताने कूस वळवायची, दुसऱ्याने पुसायचं, आणि तोंडाने पलीकडच्या खोलीतल्या मावशीशी गप्पा चालू. दारं सताड उघडी ठेवायची, गरम पाण्याची ट्रॉली मधोमध उभी करायची, म्हणजे सारख्या येरझाऱ्या नकोत. सुपरवायझरबाई नव्या आलेल्या मुलींना माझ्याकडे शिकायला पाठवायच्या. पाठवायच्या, असं आता म्हणावं लागतं.

मग ही आली. उंच, हाडकुळी, बोलणं इतकं हळू की माणसाने कान पुढे करावा. पहिल्या दिवशी मीच तिला फिरवलं. कोपऱ्यातल्या खोलीत मी शिरले, बादली ठेवली, पांघरूण काढलं, मागे वळून बघते तर ही अजून बाहेरच. उघड्या दारावर टकटक करतेय. आत येऊ का म्हणून विचारतेय. कुणाला, तर त्या खोलीतल्या आजीला, जिने कित्येक वर्षांत एक शब्द उच्चारलेला नाही. मी म्हटलं, अगं, ती बोलत नाही. तर म्हणाली, ऐकत असतील. आणि उभी राहिली. पाणी गार होतंय, माझ्या पायाला मुंग्या येतायत, आणि ही उभी. मग हळूच पलंगाशी आली, ओला रुमाल आजीच्या डोळ्यांसमोर धरला आणि तोंड पुसू का म्हणून परत विचारलं. नंतर मला म्हणते, आजींनी डोळे हलवले. डोळे काय, माझेही हलतात.

परवानगीबाई हे नाव मीच ठेवलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या आश्रमाच्या तोंडी बसलं होतं. चहाच्या वेळी आम्ही तिला भंडावून सोडायचो. बाई, कपाला तोंड लावू का? बाई, जांभई देऊ का? ती म्हणायची, द्या ना, आणि आपला चहा पीत राहायची. टोमणा तिला कळायचा नाही की ती कळून घ्यायची नाही, हे मला आजतागायत समजलेलं नाही. त्यात आणि सगळ्यांना अहोजाहो. मलासुद्धा. मी तिला अगंतुगं करायची आणि ती मला तुम्ही म्हणायची, त्यामुळे भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही.

मला वाटलं होतं, चार दिवसांत उत्साह उतरेल. सगळ्यांचा उतरतो. हिचा काही उतरेना, आणि खोल्याखोल्यांतून हिचं नाव निघायला लागलं. ती उंच मावशी कधी येणार? आज ती नाही का? आमचे ड्रायव्हरकाका, जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, आता स्वतःची मान सावरत नाही पण शिव्या सगळ्या शाबूत, ते माझ्या मनगटाला चावले होते एकदा. हिच्यासमोर स्वतःहून हात वर करायचे, सदरा काढायला. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

आणि काम तरी धड होतं म्हणावं? काका कधी कधी म्हणायचे, आज नको. की ही बरं म्हणून निघाली. परत दुपारी येणार, परत विचारणार. कधी दुपारीही नको म्हणायचे. मग उद्या. मी इकडे घामाघूम होऊन सगळ्यांना चकाचक करतेय आणि ही नकार गोळा करत फिरतेय, आणि कौतुक मात्र हिचं! मी गेले सुपरवायझरबाईंकडे. काडी केली म्हणा हवं तर. ड्रायव्हरकाकांचं अंग काल पुसलेलं नाही, एवढंच सांगितलं. खोटं काही नव्हतं त्यात.

सुपरवायझरबाईंनी तिला कॉरिडॉरमध्येच गाठलं. तिथे भिंतीवर एक मोठी पाटी आहे, काचेची, रहिवाशांचे हक्क अशा मथळ्याची. वेळेवर जेवण, औषधं, रोजची स्वच्छता, नातेवाइकांची भेट, असं सगळं त्यावर आहे. मीच पुसते ती. बाईंनी पाटीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, रोजची स्वच्छता हा त्यांचा हक्क आहे, तो तू डावलतेस. मी कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत होते. एकाच टॉवेलाची घडी किती वेळा घातली देव जाणे.

ती म्हणाली, "हक्क त्यांचाच आहे ना, बाई? मग नको म्हणायचं तेही त्यांनीच. ते माणूस आहेत म्हणून त्यांना हक्क आहेत. आपण पुसतो म्हणून नाही."

मला शहाणपणा शिकवू नकोस, असं सुपरवायझरबाईंनी तिला सुनावलं, आणि मागची, जिन्याजवळची खोल्यांची ओळ दिली. तिथे पाणी गरम येत नाही, लांबून आणावं लागतं. ती बरं म्हणाली. मला गार वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कारण त्या दुपारी ड्रायव्हरकाकांनी मला विचारलं की तिला कुठे पाठवलं, आणि मी सांगितल्यावर माझ्याकडे पाठ करून झोपले.

एकदा चहाला आम्ही तिला धरून बसवलं. म्हटलं, हे विचारायचं खूळ आलं कुठून? तिने सांगितलं, ते असं. आधी ती घड्याळांच्या कारखान्यात होती. आत नाही, फाटकावर. सुटी झाली की बायकांची रांग लागायची आणि ही एकेकीची झडती घ्यायची, कुणी बारीकसारीक भाग लपवून नेतंय का ते बघायला. केसांत हात, कमरेला हात, सगळीकडे हात. त्या रांगेत हिची नणंदही असायची. दोघी एकाच घरात, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहतात. हिचा नवरा गेल्यापासून त्या दोघीच आहेत. घरी दोघींचं हसणंखिदळणं, आणि फाटकावर नणंद झडतीच्या वेळी भिंतीकडे बघायची. एका संध्याकाळी घरी आल्यावरही नणंद भिंतीकडेच बघत जेवली. दुसऱ्या दिवसापासून हिने विचारायला सुरुवात केली. हात लावू का? सगळी रांग हसायची. कारण नको म्हटलं तरी झडती व्हायचीच. पण मग पॅकिंगमधली एक मुलगी खरंच नको म्हणाली. आणि हिने तिला जाऊ दिलं. त्याच दिवशी हिची नोकरी गेली.

मी विचारलं, मग त्या मुलीकडे काही होतं का लपवलेलं? तर म्हणाली, मला काय माहीत, मी बघितलंच नाही.

असलं येडं माणूस. एकीने तर डोळे पुसले. मी कप विसळायला उठले. माझ्या गाठीला असली एक गोष्ट नाही. मी कुठली नोकरी गमावली नाही, वेळेवर आले, वेळेवर गेले, कुणाच्या पाठीला फोड येऊ दिला नाही. आणि लोकांचे डोळे पाणावतात ते हिच्यासाठी.

इथवर सगळं कामापुरतं होतं. मग आई पडली.

माझ्या आईचं इस्त्रीचं दुकान होतं. वडील लवकर गेले, तिने त्या दुकानावर आम्हा भावंडांना वाढवलं. पाठ ताठ, कपडे कडक, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. घरात आजारी असली तरी दारात कुणी आलं की आधी केसांवरून हात फिरवायची, मग कोण आहे म्हणून विचारायची. ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. भाऊ लांब, माझी ड्यूटी अशी. सुपरवायझरबाई म्हणाल्या, इथेच आण, तुझ्याच ओळीत पलंग देते. मला अगदी हायसं वाटलं. आख्ख्या आश्रमाला पुसणारी मी, आईला परक्या हातात कशाला देईन? तिला वाटायला हवं होतं की आपलं नशीब मोठं, पोटची पोर सेवेला आहे.

पहिल्या सकाळी तिचं सगळं मी केलं. कुणाचं केलं नसेल इतकं छान केलं. ती छताकडे बघत होती. चहा दिला, घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि मला वाटलं, दुखत असेल, मोडलेलं हाड आहे. माझी एक सुटी आली. सुटीवरून परत आले तर आईच्या खोलीतून हसण्याचा आवाज. आईच्या हसण्याचा. माझ्या सुटीत माझी ओळ सांभाळणारी परवानगीबाई तिच्या उशाशी बसून वेणी घालत होती आणि आई तिला सांगत होती की शर्टाची कॉलर आधी उलट्या बाजूने कशी दाबायची. मला बघितल्यावर दोघी थांबल्या. कुणी माझ्या तोंडावर दार आपटलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं.

ती गेल्यावर आई म्हणाली, उद्यापासून तिलाच पाठव. एवढंच. कारण सांगितलं नाही. मी विचारलं, माझं काय चुकलं? तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मी म्हटलं, तुझ्या पोटातून आले मी, ती कोण कुठली? तर म्हणाली, दमलेय, झोपू दे.

मी तडक जिन्याजवळच्या ओळीत गेले. ती गरम पाण्याची बादली घेऊन येत होती. मी तिला अडवून सांगितलं की माझ्या आईला आजपासून हात लावायचा नाही. तिने बादली खाली ठेवली. रागावली नाही, घाबरली नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तुमच्या आईंना विचारायला हवं."

आणि खरंच निघाली विचारायला. मी तिच्यामागे. दारात उभी राहून, माझ्यादेखत, तिने आईला विचारलं की तुमची मुलगी असं म्हणतेय, तुमचं काय म्हणणं? बाहेर दोन मावश्या ट्रॉली थांबवून ऐकतायत. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, हीच येऊ दे. अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाटलं, आत्ता आईचा पलंग उचलून घरी न्यावा, नोकरी गेली खड्ड्यात.

रात्रभर तळमळून सकाळी मी ठरवलं की हिची विद्या काय ते बघूच. त्यात आहे काय एवढं? टकटक करायचं, विचारायचं. मी टकटक केलं. बादली घेऊन आत गेले, टॉवेल पिळला, आईच्या गळ्याचं पहिलं बटण काढता काढता गोड आवाजात विचारलं, "आई, अंग पुसू का गं?"

आईने मान फिरवली. मी म्हटलं, विचारलं की तुला. आता काय हवंय अजून?

तिने माझा हात धरून बटणावरून बाजूला केला. म्हणाली, "विचारलंस कुठे? तू तर सुरूही केलंस."

मग ती बोलली. मी कधी तिला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाली, पहिल्या दिवशी तू दार उघडं ठेवलंस. माझ्या अंगावर चिंधी नव्हती आणि तू दारातून दुसऱ्या बाईला तुझ्या नवऱ्याच्या घोरण्याचं सांगत होतीस. बाहेरून एक माणूस चाकाच्या खुर्चीवरून गेला, त्याने बघितलं. मी तुझा पदर ओढला, म्हटलं, दार लाव. तर तू म्हणालीस, आता या वयात कसली लाज, आई.

म्हटलं असेन. रोज म्हणते, सगळ्यांनाच म्हणते, त्यात वाईट काय? ही माणसं लाजायला लागली तर आम्ही काम कधी करायचं? हे सगळं माझ्या तोंडावर आलं होतं.

आई म्हणाली, "दुकान गेलं. घर गेलं. पाय गेला. लाज तेवढी माझी राहिलीय, पोरी. तीपण तू पुसून टाकलीस तर मग इथे पडलेलं काय उरेल?"

मी बादली उचलून बाहेर आले. रडले नाही, कामावर मी रडत नाही. पण त्या दिवशी माझ्या खोल्या चहाच्या आत आटपल्या नाहीत, आणि ड्रायव्हरकाकांच्या खोलीचं दार मी उघडलं, आत शिरले आणि मग काय झालं कोण जाणे, परत लोटून घेतलं. काका म्हणाले, काय गं, बरं नाही का तुला?

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या दाराशी उभी राहिले. बादली बाहेरच ठेवली. टकटक केलं. आतून काही येईना. वेळ असा अंगावर येतो हे मला माहीत नव्हतं. ही बया रोज एवढं थांबते कशी? मग आई म्हणाली, ये. मी गेले. हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला सुचेना, म्हणून मागे बांधले, शाळेतल्यासारखे. विचारलं, आई, आज अंग पुसू का?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको."

खरं सांगते, असा संताप आला. एवढं झुकले, एवढं तिच्या मनासारखं केलं, आणि नको? पाणी तयार आहे, टॉवेल तयार आहे, मी लेक आहे तिची, या आश्रमातली सगळ्यात चांगली मावशी आहे, आणि नको? ओठांपर्यंत आलं होतं की नखरे पुरे झाले. आई माझ्या तोंडाकडेच बघत होती. माझं तोंड काय करतंय, तेवढंच बघत होती.

मी बरं म्हटलं. तो शब्द काढायला मला जे कष्ट पडले ते कुणाला सांगून कळायचे नाहीत. बाहेर आले आणि दार लावलं.

परवानगीबाई समोरून येत होती. मी म्हटलं, जा, तुझीच वाट बघत असेल. माझ्या बोलण्यात विष होतं, मलाच ऐकू आलं. ती दारापाशी गेली, टकटक केलं, आत गेली आणि लगेच बाहेर आली. म्हणाली, मलाही नको म्हणाल्या. आज त्यांना पाणीच नको आहे.

काय सांगू, मला इतका आनंद झाला. हसू दाबता दाबता माझ्या घशात उचकी आली. तिलाही नको! हिच्या एवढ्या गोड आवाजालाही नको! आणि मग तिथेच, हसता हसता, डोक्यात आलं की आई माझ्यावर रागावली म्हणून नको म्हणाली नव्हती. तिला नको होतं. बस. जशी मी सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत तोंड धूत नाही, तशी.

तेवढ्यात सुपरवायझरबाई फेरीवर आल्या. खोल्या बघत बघत आमच्यापाशी थांबल्या आणि विचारलं की या पलंगाचं व्हायचंय का अजून? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तुझीच आई ना? मग उभी काय राहिलीस, धर आणि पुसून घे, मी मदत करते. आणि त्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

मी परवानगीबाईकडे बघितलं. तिने बोलायला तोंड उघडलंच होतं. मनात म्हटलं, नाही. हे तुला नाही मिळायचं. ही माझी आई आहे.

"बाई," मी म्हटलं, "तिला नको आहे. आणि आत जायचं तर आधी तिला विचारा."

माझा आवाज मोठाच आहे, सगळ्या कॉरिडॉरने ऐकला. सुपरवायझरबाईंनी कडीवरचा हात काढला नाही, पण दाबलीही नाही. तू पण का, म्हणाल्या. माझ्याकडे अशा बघत होत्या की मला कळलं, माझीही रवानगी आता जिन्याजवळ. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. शेवटी त्या पुढच्या खोलीकडे गेल्या, संध्याकाळी ऑफिसात भेट असं बजावून.

आतून आईने हाक मारली. मला. तिला नाही. मी आधी खात्री करून घेतली, कोणाला म्हणतेस म्हणून दाराबाहेरूनच विचारलं, तर म्हणाली, तुलाच, तो एवढा घसा दुसऱ्या कोणाचा आहे? आत ये. अंग पुसायचं नाही हं, फक्त केस विंचर.

मी आत गेले. कंगवा घेतला, आणि तिचे पांढरे केस हातात धरून विचारलं की वेणी घालू की अंबाडा. तिने डोळे मिटले आणि विचार करायला लागली, अगदी सावकाश, जशी काही मला दुसरी कामंच नाहीत. परवानगीबाई बाहेर थांबली होती, आपल्याला बोलावतात का बघत. थांबू दे म्हटलं.